आधी कुत्र्याची तारीख, मग विमानाचं तिकीट

पुण्यातल्या एखाद्या इंजिनिअरला जर्मनीतल्या कंपनीचं नोकरीचं पत्र आलं, की घरात कामांची यादी तयार होते: व्हिसा, मुलांच्या शाळेचे दाखले, फ्लॅट भाड्याने देणं, गाडी विकणं. कुत्र्याचं किंवा मांजराचं नाव त्या यादीत बहुधा शेवटी येतं. "त्याचं काय, एक इंजेक्शन नि एक सर्टिफिकेट" असं म्हणून ते काम तिकिटं काढून झाल्यावरच्या आठवड्यांवर ढकललं जातं. हा क्रम उलटा आहे. सगळ्या कुटुंबात सर्वांत हळू तयार होणारा प्रवासी तोच असतो. माणसांची कागदपत्रं जास्तीचे पैसे आणि थोडी धावपळ करून कधीकधी लवकर मिळतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र काही महिने नुसते जाऊ द्यावे लागतात आणि ते कुणालाच कमी करता येत नाहीत.

हे महिने का लागतात ते आधी समजून घेऊ. कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

मुळाशी रेबीज आहे. कोल्ह्यांसाठी लस घातलेली आमिषं वर्षानुवर्षं जंगलात टाकून जर्मनीने हा रोग संपवला. वटवाघळांमधला प्रकार सोडला, तर २००८ पासून तो देश रेबीजमुक्त मानला जातो. भारतात रेबीज रस्त्यारस्त्यावर आहे. त्यामुळे भारतातून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांकडे युरोपीय संघ वेगळ्या नजरेने बघतो. ज्या देशांतल्या रेबीज-नियंत्रणावर संघाचा भरवसा आहे त्यांची एक यादी आहे आणि तीत भारत नाही. यादीतल्या देशांतून येणाऱ्या प्राण्याला चिप, लस आणि २१ दिवसांची वाट एवढं पुरतं. आपल्याकडून जाणाऱ्याला त्यावर आणखी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, टोचलेली लस अंगी लागली आहे. दुसरी, लस टोचण्याआधीच त्याला रेबीजची लागण झालेली नव्हती.

पहिली गोष्ट रक्ततपासणीने सिद्ध होते. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं किती आहेत ते मोजतात. एका मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असली, तर कुत्रा पास. व्हेट मंडळी याला 'टायटर टेस्ट' म्हणतात. दुसरी गोष्ट कुठल्याही तपासणीने सिद्ध होत नाही, ती फक्त काळच सिद्ध करतो. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जाऊ शकतात. म्हणून रक्ताचा नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबा, असा नियम आहे. तेवढ्या काळात प्राणी धडधाकट राहिला, तर लागण आधीची नव्हती असं मानायला हरकत नाही. अर्ज, विनंती, वशिला यांपैकी कशानेही हे तीन महिने कमी होत नाहीत.

आता क्रम. सर्वांत आधी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तू सुईने खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात. तिला बॅटरी नसते आणि कुत्रा कुठे आहे हेही ती सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की १५ आकडी क्रमांक दाखवते, एवढंच तिचं काम. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची असावी, म्हणजे तिकडच्या स्कॅनरला ती वाचता येते. चिपनंतर रेबीजची लस. चिप आणि लस एकाच दिवशी चालतात, पण चिप आधी बसवलेली असली पाहिजे. दरवर्षी न चुकता लस दिलेला, व्हेटच्या पुस्तिकेत सगळे शिक्के असलेला कुत्राही इथे अडतो. चिपच्या आधीची लस नेमक्या याच प्राण्याला दिली होती, याला पुरावा नसतो. त्यामुळे ती हिशेबात धरत नाहीत आणि पुन्हा टोचावं लागतं.

लसीनंतर किमान ३० दिवस जाऊ द्यायचे आणि मग रक्त द्यायचं. नमुना युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासला जावा लागतो. ही यादी संघ स्वतः प्रसिद्ध करतो, ती बघूनच नमुना पाठवा. घराजवळच्या पॅथॉलॉजीचा अहवाल कितीही झकास छापलेला असला, तरी सीमेवर त्याला किंमत नाही. ज्या तरुण कुत्र्याला आयुष्यात एकदाच लस मिळाली आहे, त्याची पातळी कधीकधी ०.५ च्या खाली येते. मग पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त. म्हणून बरेच अनुभवी व्हेट रक्त घेण्याआधी दोन डोस देण्याचा सल्ला देतात. या सल्ल्यात मला काहीच जास्तीचं वाटत नाही. त्याचा खर्च एका विमानतिकिटाची तारीख बदलण्यापेक्षा खूप कमी आहे.

तारखा मांडून बघू. समजा, मुलांची शाळा सप्टेंबरात सुरू होते म्हणून कुटुंबाला २० ऑगस्टला निघायचं आहे. तिथून मागे मोजत या. रक्ताचा नमुना उशिरात उशिरा २० मेला. लस २० एप्रिलला. चिप त्या दिवशी किंवा आधी. हा अगदी काठावरचा हिशेब झाला. त्यात अहवाल नापास होण्याला जागा नाही आणि कुरिअर रखडण्यालाही नाही. थोडक्यात, नोकरीची बोलणी पाडव्याच्या सुमारास सुरू असतील तर चिप तेव्हाच बसवून घ्यावी. नोकरी झाली नाही तरी चिप वाया जात नाही. हरवलेला कुत्रा सापडायला ती पुण्यातही उपयोगी पडते.

दोन दिलासेही आहेत. तीन महिने अहवालाच्या तारखेपासून मोजत नाहीत, नमुना घेतल्याच्या तारखेपासून मोजतात. शिवाय एकदा पास झालेली टायटर टेस्ट जन्मभर चालते, मात्र पुढची प्रत्येक लस आधीच्या लसीची मुदत संपायच्या आत द्यायला हवी. एक दिवस चुकला की खेळ पहिल्यापासून. पिल्लू घ्यायचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या: रेबीजची लस बारा आठवड्यांच्या आत मोजली जात नाही. त्यात ३० दिवस आणि तीन महिने मिळवले, तर सुमारे सात महिन्यांचं होईपर्यंत पिल्लू युरोपात जाऊच शकत नाही. जायचं ठरत असताना मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं.

जूनमध्ये पत्र आलं आणि सप्टेंबरात रुजू व्हायचं असेल तर? मग कुत्रा रुजू होणाऱ्याबरोबर जाणार नाही, हे मान्य करून पुढचं आखावं. बरीच कुटुंबं अशा वेळी दोन टप्प्यांत जातात. एक जण आधी जातो, घर शोधतो, आणि बाकीचे कुत्र्यासह नाताळाच्या आसपास पोचतात. यात एक बारीक मुद्दा आहे. खासगी प्रवासाच्या सवलतीत यायचं, तर प्राणी आणि मालक यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर नसावं. सप्टेंबरात गेलेल्या नवऱ्याचं नाव मालक म्हणून लिहिलं आणि डिसेंबरात कुत्रा बायकोबरोबर निघाला, तर कागदांवर मालक तीन महिने आधीच गेलेला दिसतो. म्हणून कुत्र्यासोबत जी व्यक्ती विमानात बसणार आहे, पहिल्या लसीच्या नोंदीपासून तिचंच नाव मालक म्हणून लावावं.

नावांचा विषय निघालाच आहे, तर माणसांच्या कागदांकडे वळू. तिथेही बहुतेक अडचणी नावांच्याच असतात. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन नावं लावायची रीत. पासपोर्टवर कधी मधलं नाव असतं, कधी नसतं. लग्नानंतर बदललेलं नाव बायकोच्या पासपोर्टवर असतं, पण मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव छापलेलं असतं. जुन्या जन्मदाखल्यांत तर बाळाच्या नावाची जागाच कोरी असते, कारण नोंद बारशाच्या आधी झाली आणि नंतर महापालिकेत कुणी गेलंच नाही. हे दाखले दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो. तेव्हा कुत्र्याचे तीन महिने सरत असताना करायचं पहिलं काम हेच. लग्नाचा नोंदणी दाखला काढलेला नसेल तर तोही त्याच रांगेत. मंगल कार्यालयाची पावती नि लग्नाचा अल्बम दूतावासाला चालत नाही.

मुलांचे पासपोर्ट सहसा पाच वर्षांचेच असतात आणि ते कधी संपतात याकडे कुणाचं लक्ष नसतं. आज काढून बघा. अर्जावर आई-वडील दोघांची संमती लागते. पालकांपैकी एक आधीच जर्मनीत गेला असेल तर तेवढ्याशा सहीसाठी आठवडे जातात, म्हणून तो निघायच्या आत नूतनीकरण उरकावं. एकटा पालक मुलांना घेऊन निघणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र सोबत ठेवावं. विमानतळावर ते मागतीलच असं नाही, पण मागितलं आणि नसलं तर समजूत घालायला तिथे कुणाला वेळ नसतो. मुलांसाठी अजून एक कागद मोलाचा आहे: लसीकरणाचं कार्ड. मार्च २०२० पासून जर्मनीत पाळणाघरात किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला गोवराची लस घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. दुसऱ्या वर्षापुढच्या मुलांना दोन डोस. आपल्याकडच्या मुलांना ते मिळालेले असतातच, पण बालरोगतज्ज्ञाच्या फाइलमध्ये घाईघाईने खरडलेल्या नोंदीपेक्षा तारखा, लसीचं नाव, सही आणि शिक्का असलेला स्वच्छ कागद त्यांच्याकडून मागून घ्या.

कुठला प्राणी नेता येतो, हे वाटतं तितकं उघड नाही. पिट बुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर या जातींचे कुत्रे कायमच्या वास्तव्यासाठी जर्मनीत आणायला बंदी आहे, त्यांच्या संकरांनाही. आणखी कुठल्या जातींवर निर्बंध आहेत हे तिथलं प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटाचा तर प्रश्नच नको. आपला राघू वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला घरात ठेवणंच बेकायदा आहे. ॲक्वेरियमच्या दुकानातून हौसेने आणलेलं लाल कानाचं कासवही नेता येत नाही. २०१६ पासून ते युरोपीय संघाच्या घुसखोर प्रजातींच्या यादीत आहे. ते मुळा-मुठेत सोडून जाऊ नका, तिथेही ते तेवढंच घुसखोर.

विमानाकडे येऊ. प्राणी तीन प्रकारे जातो: केबिनमध्ये सीटखाली, तुमच्याच विमानाच्या पोटात जादा सामान म्हणून, किंवा स्वतंत्र कार्गो म्हणून. केबिनची सोय साधारण मांजर, पॉमेरिअन, डाक्सहुंड अशा छोट्यांसाठीच. उदाहरणार्थ, लुफ्तान्सात पिशवीसह आठ किलोंपर्यंत. लॅब्रेडॉरची जागा खालीच. खाली म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, पण जिवंत प्राणी ठेवायच्या कप्प्यात हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं. खरा धोका उड्डाणात कमी आणि जमिनीवर जास्त असतो, क्रेट, म्हणजे प्राण्याची पेटी, धावपट्टीलगत उन्हात थांबतो तेव्हा. म्हणून मुंबईहून निघताना रात्रीचं विमान बरं आणि थेट विमान त्याहून बरं. मुंबई-फ्रँकफर्ट थेट उड्डाण साधारण नऊ तासांचं आहे. तिकीट थोडं स्वस्त पडतं म्हणून कुत्र्यासह दोन विमानं बदलणं मला पटत नाही. प्रत्येक विमानतळ म्हणजे नवे नियम आणि नवं ताटकळणं. एका विमानात प्राण्यांच्या जागा मोजक्याच असतात, काही विमानांत नसतातच. तेव्हा आधी कंपनीकडून प्राण्याची जागा पक्की करा, मग चौघांची तिकिटं काढा.

पग, बुलडॉग, शिट्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास चटकन होतो. त्यांना अनेक कंपन्या पोटातून नेतच नाहीत. पर्शियन मांजराबद्दलही विचारून घ्यावं. आणि प्रवासात शांत राहावा म्हणून कुणी झोपेची गोळी सुचवली तर ऐकू नका. औषधाने रक्तदाब उतरतो, तोल जातो आणि आजूबाजूला बघायला कुणी नसतं. गुंगीत दिसणारा प्राणी कंपनी नाकारते.

शांत राहण्याचा खरा उपाय क्रेटच आहे, पण तो आदल्या आठवड्यात आणला तर नाही. 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेने मापं ठरवून दिली आहेत. कुत्र्याला सरळ उभं करा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा. ही झाली क्रेटची आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उंची डोक्याच्या किंवा कानाच्या टोकाच्या वर, यांतलं जे उंच असेल ते. चपट्या नाकाच्या जातींना दहा टक्के मोठा क्रेट लागतो. हवेसाठी चारही बाजूंना जाळी हवी, दोन्ही भाग प्लास्टिकच्या खटक्यांऐवजी धातूच्या नटबोल्टांनी आवळलेले हवेत, आणि पाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली पण बाहेरून भरता येईल अशी हवी. माप इंचभर कमी पडलं तर चेक-इनच्या काउंटरवर कुत्रा मागे राहतो.

हा क्रेट दोन महिने आधी आणून हॉलमध्ये दार उघडं टाकून ठेवावा. आत त्याची जुनी गोधडी, तिथेच जेवण, तिथेच दुपारची झोप. मग दार पाच मिनिटं बंद, पुढे अर्धा तास, नंतर रात्रभर. हे काम मुलांकडे द्यावं. घर सोडायच्या त्या महिन्यांत मुलांना नुसतं "इथे लुडबुड करू नका" एवढंच ऐकायला मिळत असतं. कुत्र्याला क्रेटची सवय लावणं ही त्यांना जमण्यासारखी, रोज पुढे सरकणारी आणि खरोखर गरजेची जबाबदारी आहे.

शेवटचे दहा दिवस कागदांचे. युरोपीय संघाचं प्राणी-आरोग्य प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात लागतं आणि सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत सीमेवर पोचावं लागतं. आपल्याकडे हे काम केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध आणि प्रमाणन सेवेचं. पुणेकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते. प्राणी समक्ष न्यायचा, चिप वाचली जाते, तपासणी होते, लसीचे आणि टायटरचे मूळ कागद बघितले जातात. वेळ आधी घेऊन ठेवा आणि सरकारी सुट्ट्या बघा. गणपतीच्या आठवड्यातलं उड्डाण असेल तर दहा दिवसांतले कामाचे किती उरतात ते मोजा. कागद हातात आल्यावर तिथेच, खुर्चीत बसून, चिपचे पंधराच्या पंधरा आकडे लसीच्या नोंदीशी, प्रयोगशाळेच्या अहवालाशी आणि प्रमाणपत्राशी एकेक करून ताडा. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने बोट ठेवावं. सही आणि शिक्का छपाईपेक्षा वेगळ्या रंगात हवेत. त्यासाठीच निळं पेन.

फ्रँकफर्टला उतरल्यावर दोन मोठ्यांनी कामं वाटून घ्यावीत. एकाकडे मुलं, पासपोर्ट आणि बॅगा, दुसऱ्याकडे फक्त कुत्रा आणि त्याची फाइल. कस्टम्सच्या हिरव्या मार्गिकेतून जायचं नाही. प्राणी आणला आहे हे लाल मार्गिकेत सांगून कागद दाखवायचे. कागद बरोबर असतील तर चिप वाचून होते आणि सुटका होते. नसतील तर अधिकाऱ्यांपुढे पर्याय तीन: मालकाच्या खर्चाने परत पाठवणं, नियम पूर्ण होईपर्यंत अलग ठेवणं, आणि दोन्ही अशक्य असेल तर प्राण्याला मारणं. तिसऱ्याची वेळ क्वचितच येते, पण तो कायद्यात लिहिलेला आहे.

हे सगळं युरोपचं झालं. देश बदलला की गणित बदलतं. जपानला रक्ताच्या नमुन्यानंतर १८० दिवस थांबावं लागतं. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा पाळीव प्राणी कार्गो म्हणूनच येतो, मांडीवर घेऊन नाही. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले. भारतासारख्या देशात लस घेतलेला कुत्रा आता ठरावीक सहा विमानतळांवरच उतरू शकतो, सहा महिन्यांहून लहान तर कुठलाच नाही. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रं-मांजर घेतच नाही. २०१५ मध्ये अभिनेता जॉनी डेप आणि ॲम्बर हर्ड यांनी आपले दोन यॉर्कशायर टेरिअर खासगी विमानातून न सांगता तिथे नेले, तेव्हा कुत्र्यांना परत न्या नाहीतर मारू, असं कृषिमंत्र्यांनी जाहीरपणे सुनावलं होतं.

तरीही प्रत्येक प्राण्याला न्यायलाच हवं असं मी म्हणणार नाही. चौदा वर्षांचा, हृदयाचं औषध चालू असलेला कुत्रा आजी-आजोबांजवळ आनंदात असेल, तर त्याला नऊ तास पेटीत घालण्यात त्याचं भलं काय? हा प्रश्न व्हेटला स्पष्ट विचारावा आणि मुलांपासून लपवू नये.

पोचल्यावरची कामं थोडी आहेत. कुत्र्याची नोंद स्थानिक कर कार्यालयात करायची. जर्मनीत कुत्र्यावर वार्षिक कर आहे, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला १२० युरो. मांजराला कर नाही. कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा काही राज्यांत सक्तीचा आहे, पण सक्ती नसली तरी तो घ्यावा. भाड्याच्या घराचा करार करताना घरमालकाला कुत्र्याबद्दल आधी सांगा. मोठा कुत्रा रेल्वेने नेताना त्याचंही तिकीट काढावं लागतं आणि तोंडाला जाळी बांधावी लागते.

मग तिथल्या व्हेटकडून त्याचा युरोपीय पासपोर्ट काढून घ्या. पुढेमागे कुत्र्यासह पुण्याला यायचं झालं, तर निघण्यापूर्वी पास झालेल्या टायटरची नोंद त्या पासपोर्टात करून घ्यावी. ती असली की परतताना तीन महिन्यांची वाट पुन्हा बघावी लागत नाही. भारतात आणण्याचे नियम मात्र वेगळे आहेत. दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला दोन प्राणी सामानाबरोबर आणायची मुभा आहे, नुसत्या सुट्टीवर येणाऱ्याला नाही. म्हणून तीन आठवड्यांच्या दिवाळीसाठी येणारी बहुतेक मंडळी कुत्र्याला तिकडच्याच एखाद्या मित्राकडे ठेवून येतात.